‘मॅरेज सर्टिफिकेट आहे, मग अजून काय पाहिजे यांना?’

प्रश्न: मेलबर्नहून एका वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. ती स्टुडंट व्हिसावर ऑस्ट्रेलियात गेली, तिथेच नात्यातून एक स्थळ आलं, मुलगा पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी असलेला. दोघांनी सांगलीला येऊन रीतसर लग्न केलं, नोंदणी केली, आणि परत गेल्यावर दीर-जावेच्या भाड्याच्या घरात एकत्र राहायला लागले. दोनच महिन्यांत एका एजंटकडून पार्टनर व्हिसाचा, म्हणजे ८२०चा अर्ज केला. तो आता नाकारला गेलाय. कारणं अशी दिलीत की घराच्या करारावर दोघांपैकी कुणाचंच नाव नाही, बँकेची खाती वेगवेगळी, फोटो सगळे लग्नातलेच, मित्रांची दोन पत्रं जवळजवळ शब्दशः सारखी, आणि तिच्या टॅक्स रिटर्नमध्ये जोडीदार नाही असं भरलेलं. नवरा म्हणतो सर्टिफिकेट आहे मग अजून काय पाहिजे यांना. माहेरचे म्हणतात गाशा गुंडाळ आणि ये, इथून नव्याने अर्ज कर. एजंट म्हणतो ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे असे नकार पुन्हा तपासणाऱ्या सरकारी न्यायाधिकरणात जाऊ, मी मागच्या तारखेचा भाडेकरार आणि बाकीचे कागद बसवून देतो. त्यात आईचं ऑपरेशन ठरलंय. ती विचारते, ‘ताई, ऑफिसरने आमचं लग्न खोटं ठरवलंय. आता ट्रिब्युनलपुढे जाऊन अजून अपमान करून घ्यायचा, की सरळ परत यायचं?’

उत्तर:

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मुदतीपुरतं उत्तर मी तुला मेलवर पाठवलं होतं, कारण ती गोष्ट सदर येईपर्यंत थांबणारी नव्हती. पण तुझ्यासारखे बरेच जण असतील म्हणून ते इथेही लिहिते. रिव्ह्यूचा, म्हणजे नकार ट्रिब्युनलकडून पुन्हा तपासून घ्यायचा अर्ज करायला २८ दिवस मिळतात, आणि ही मुदत ट्रिब्युनललाही वाढवून देता येत नाही, उशीर होण्याचं कारण कितीही खरं असलं तरी. तू लिहिलंयस की अजून भरपूर दिवस आहेत, पण तू दिवस मोजलेस ते एजंटने तुला मेल फॉरवर्ड केला तेव्हापासून, आणि त्याने तो फॉरवर्ड केला जवळजवळ आठवडाभराने. अर्जात पत्रव्यवहारासाठी एजंटचं नाव दिलेलं असेल तर निर्णय त्याच्या इनबॉक्समध्ये आला तोच तुला मिळाला असं धरतात, आणि ईमेलने आलेला निर्णय ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी मिळाला असं मानतात. म्हणून डिपार्टमेंटचा, म्हणजे व्हिसाचे निर्णय देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याचा मूळ मेल उघड, त्यावरची तारीख बघ आणि तिथून मोज. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने हेच करायचं, एजंटने तोंडी सांगितलेल्या तारखेवर विसंबायचं नाही.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, ट्रिब्युनलचं नाव आता ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आहे, १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनलच्या, म्हणजे एएटीच्या जागी हेच आलंय, त्यामुळे लोक अजून ‘एएटी’ म्हणतात ते तेच. फी साडेतीन हजार डॉलरच्या आसपास आहे, खरोखर ओढाताण असेल तर निम्मी करून मागता येते, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर भरलेल्या फीतली निम्मी परत मिळते. पुढे काय करायचं हे अजून ठरलेलं नसलं तरी मुदतीत अर्ज भरून ठेव. भरलेला अर्ज नंतर मागे घेता येतो, पण राहून गेलेला अर्ज नंतर भरता येत नाही.

आता तुझ्या मुख्य दुखण्याकडे येते. लग्न खोटं ठरवलं असं तू तीन वेळा लिहिलंयस आणि मला कळतंय ते किती लागलंय, आई-वडिलांनी कर्ज काढून केलेलं लग्न, सगळी भावकी जेवून गेलेली, आणि कुणीतरी न बघितलेला माणूस म्हणतो की पटत नाही. पण जरा थांब आणि विचार कर, त्या ऑफिसरने तुमचं घर बघितलंय का? नाही. तुमची मुलाखत घेतली का? तूच लिहितेस की नाही. त्याच्यासमोर होती एक फाइल, आणि त्या फाइलमध्ये काय होतं हे तुला स्वतःला माहीत नाहीये. तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, ‘अर्ज एजंटनेच भरला, पासवर्ड त्याच्याकडेच आहे, मी फक्त सही केली.’ तुझ्या संसाराची गोष्ट तिसऱ्याच माणसाने लिहिली, ती तू वाचलीही नाहीस, आणि ती पटली नाही म्हणून तू स्वतःला खोटं समजतेयस. तेव्हा पहिलं काम हे की त्या फाइलची प्रत मिळव. एजंटकडून माग, तो टाळाटाळ करत असेल तर फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनखाली डिपार्टमेंटकडून आपलीच कागदपत्रं मागवता येतात. आणि मग नवऱ्याला शेजारी बसवून ती दोघांनी मिळून वाचा, पहिल्या पानापासून. तुमची पहिली भेट कधी झाली, साखरपुडा कुठे झाला, एकत्र राहायला कधी लागलात, हे त्यात काय लिहिलंय ते बघा, कारण पुढे तुम्हाला याच्यावरच प्रश्न येणार आहेत.

नवऱ्याचं म्हणणं मला समजतं, आपल्याकडे अक्षता पडल्या, नोंदणी झाली की नातं सिद्ध झालं, त्यानंतर कुणी पुरावा मागत नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या १९५८च्या मायग्रेशन ॲक्टमध्ये नवरा-बायको कुणाला म्हणायचं हे वेगळं लिहिलेलं आहे. कायदेशीर लग्न ही त्यातली पहिली अट, एकुलती एक नाही. बाकीच्या अशा की दोघांनी एकमेकांशीच आयुष्य काढायचं ठरवलेलं असावं, नातं खरं आणि चालू असावं, आणि दोघं एकत्र राहत असावेत किंवा वेगळे राहत असतील तर ते कायमचे वेगळे नसावेत. आणि हे तपासायला नियमांमध्ये चार बाजू दिल्यात: पैशाचा व्यवहार, घर कसं चालतं, चारचौघांत तुम्ही नवरा-बायको म्हणून कसे वावरता, आणि एकमेकांशी किती बांधलेले आहात. २०१७मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाच्या फुल कोर्टाने, म्हणजे एकाहून जास्त न्यायाधीशांच्या पीठाने असंही स्पष्ट केलं की या नियमात लिहिलेली प्रत्येक बाब निर्णय घेणाऱ्याने विचारात घेतलीच पाहिजे, एखादी आवडती बाब धरून बाकीच्या सोडता येत नाहीत. म्हणून तुम्हीही या चारही बाजूंवर काहीतरी सांगायला हवं, एखाद्या बाजूने कागद कमी असतील तर ते का कमी आहेत तेही सांगायला हवं.

तुमची अडचण खरं तर इथेच झालीये. एकत्र कुटुंबात राहणारं जोडपं कागदावर दिसतच नाही. भाडेकरार दिराच्या नावावर, लाइट-गॅसचं बिल जावेच्या नावावर, आठवड्याचा किराणा ज्याला वेळ असेल तो आणतो, तुझा नवरा दिराला रोख पैसे देतो आणि त्याची कुठे नोंद नाही. हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की समजावून सांगावं असं वाटतच नाही, आणि म्हणून ते अर्जात आलंच नाही. आता ते आणायचं. दीर आणि जाऊ, दोघांनी वेगवेगळं, आपापल्या शब्दांत लिहून द्यावं की हे दोघं अमुक तारखेपासून आमच्या घरात अमुक खोलीत राहतात, किती पैसे देतात, कोण कुठली कामं करतं. घरमालकाला किंवा रिअल इस्टेटवाल्यांना कळवून तुमची नावं आत्तापासून राहणारे म्हणून लावून घेता आली तर घ्या, आत्ताच्या तारखेने. त्या पत्त्यावर तुझ्या नावाने काय काय येतं ते शोध: ड्रायव्हिंग लायसन्स, मेडिकेअर कार्ड, सुपरचं, म्हणजे तिथल्या निवृत्तीच्या फंडाचं स्टेटमेंट, फोनचं बिल, ऑनलाइन ऑर्डरच्या पावत्या. नवऱ्याचंही तसंच. दोघांचे कागद एकाच पत्त्यावर एकाच काळातले मिळाले की घर दिसायला लागतं.

पैशाबद्दल तू लिहितेस की आमचं जॉइंट अकाउंट नाही म्हणजे आम्ही हरलो. नाही गं. जॉइंट खातं ही अट नाहीये. एकत्र मालमत्ता, एकत्र कर्ज, मोठ्या खर्चाला पैसे एकत्र करणं, रोजचा खर्च वाटून घेणं, हे सगळं त्यात बघतात. तुझ्याच पत्रात आहे की नवऱ्याने तुझ्या शेवटच्या सेमिस्टरची फी भरली, आणि आईच्या तपासण्यांसाठी तुझ्या वडिलांच्या खात्यावर दोनदा पैसे पाठवले. मला सांग, जावयाने सासऱ्याच्या खात्यावर हॉस्पिटलसाठी पाठवलेले पैसे, याहून जास्त संसार कशात दिसणार आहे? पण हे फाइलमध्ये आलेलं दिसत नाही. ते स्टेटमेंट काढ, त्या एंट्रीवर खूण कर, शेजारी दोन ओळी लिही की हे कशाचे पैसे. तो त्याच्या घरच्या कर्जाचा हप्ता पाठवतो आणि त्यामुळे तुमच्याकडे फार शिल्लक राहत नाही, तेही लिही, लपवू नकोस. जॉइंट खातं आता काढायचं असेल तर जरूर काढा, पण त्यातून खरंच पेट्रोल, किराणा, गाडीचा रेगो, म्हणजे रजिस्ट्रेशनचा खर्च गेला पाहिजे, नुसतं उघडून एकदम मोठी रक्कम टाकून ठेवलेलं खातं कुणालाही लगेच ओळखू येतं.

टॅक्स रिटर्नचं मात्र नीट निस्तरायला हवं. तू म्हणतेस मागच्या वर्षीचं बघून भरलं, जोडीदाराच्या रकान्याकडे लक्षच गेलं नाही. होतं असं, भरपूर लोकांचं होतं, पण डिपार्टमेंटच्या नजरेत हा तू स्वतः सरकारला दिलेला जबाब आहे. एटीओकडे, म्हणजे तिथल्या टॅक्स ऑफिसकडे रिटर्न दुरुस्त करता येतं, ते कर, नवऱ्याच्या रिटर्नमध्येही काय भरलंय ते तपास, आणि ट्रिब्युनलला स्वतःहून सांग की हे असं झालं होतं आणि अमुक तारखेला दुरुस्त केलंय. विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

मित्रांच्या पत्रांचंही तसंच झालंय. एजंटने एक मजकूर टाइप केला आणि दोघांकडून सह्या घेतल्या असं दिसतंय. फॉर्म ८८८, म्हणजे तुमच्या नात्याबद्दल साक्ष देणारा फॉर्म, तिथले सिटिझन किंवा पीआर असलेले, तुम्हा दोघांना ओळखणारे लोक भरतात, आणि त्यात गोड गोड शब्दांचा काही उपयोग नसतो, त्यांनी स्वतः काय पाहिलं ते हवं असतं. मंडळाच्या गणपतीत तू आणि तो दोघं मिळून दोन दिवस मोदकांच्या ऑर्डरचं बघत होतात, असं ज्या काकूंनी पाहिलंय त्यांनी तेच लिहावं, मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये लिहिलं तरी चालेल. सांगलीच्या सासूबाईंनी मराठीत लिहून दिलं तर तेही जोड, भाषांतर तिथल्या नाटी (NAATI) या संस्थेने प्रमाणित केलेल्या ट्रान्सलेटरकडून करून घे.

आणि एजंटचा तो ‘बसवून देतो’. इथे मी मऊ बोलणार नाही. मागच्या तारखेचा करार हा खोटा कागद आहे, आणि खोटा कागद दिल्याचं उघड झालं तर नियम ४०२० लागतो, अर्ज तर जातोच, वर पुढची तीन वर्षं बरेचसे व्हिसा बंद होऊ शकतात. तुमचं नातं खरं असून त्याला खोट्या कागदाचा डाग लागला तर तो पुसणं फार अवघड जातं, कारण मग तुमच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मायग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन देणारा माणूस एकतर वकील असावा लागतो नाहीतर रजिस्टर्ड एजंट. ओमाराच्या, म्हणजे एजंटांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर नाव टाकून नोंदणी बघता येते, याचं नाव तिथे आहे का ते आजच बघ. असलं तरी दुसरा शोध. वकिलाची फी परवडत नसेल तर तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात लीगल एड आणि कम्युनिटी लीगल सेंटर आहेत, तिथे निदान एक अपॉइंटमेंट घेऊन हा निर्णय वाचून घे. माझं उत्तर दिशा दाखवायला आहे, तुझी फाइल हातात घेऊन बघणारं माणूस हवंच.

आता परत यायचं का? माहेरच्यांना वाटतंय की इथून अर्ज केला की पाटी कोरी. तसं होत नाही. भारतातून करायचा अर्ज म्हणजे ३०९, त्याची फी पुन्हा नऊ हजार डॉलरच्या वर, त्यातही हीच चार अंगं तपासणार, आणि आधीचा नकार त्या अर्जात लिहावाच लागणार. शिवाय निकाल येईपर्यंत तू सांगलीत आणि तो मेलबर्नला, म्हणजे एकत्र राहण्याचा जो पुरावा आत्ता रोज तयार होतोय तोच थांबणार. आणि तिथे राहून नवीन काही अर्ज करावा म्हटलं तर नकारानंतर कलम ४८ची आडकाठी येते, बहुतेक व्हिसांसाठी देशात बसून अर्ज करता येत नाही. म्हणून तुझ्या बाबतीत मला रिव्ह्यूच बरा वाटतो, तुमचं नातं खरं आहे आणि जे कमी आहे ते दाखवण्यात कमी आहे.

३०९चा रस्ता कधी बरा ठरतो तेही सांगते. अर्ज केला त्या दिवशी आणि निर्णयाच्या दिवशी, दोन्ही वेळेला तुम्ही त्या व्याख्येत बसायला हवं. काही जोडपी अर्जाच्या वेळी खरंच एकत्र राहत नव्हती, नातं पुढे जुळलं, मग आजचे कितीही पुरावे आणले तरी त्या दिवसाची पोकळी भरत नाही, अशा वेळी वकील नव्या अर्जाचा विचार करायला सांगू शकतात. तुमचं तसं नाहीये. उलट गेल्या काही महिन्यांतला संसार हा तेव्हाचं नातंही खरं होतं याला बळ देणारा आहे.

ट्रिब्युनलची भीती वाटते ती तुला कोर्टाचं चित्र डोळ्यासमोर येतं म्हणून. तिथे डिपार्टमेंट बरोबर होतं की चूक एवढंच बघत नाहीत, एक मेंबर सगळं प्रकरण नव्याने बघतो, नवे कागद घेतो, तुम्हा दोघांना प्रश्न विचारतो, बऱ्याचदा वेगवेगळं बसवून. मराठी दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि इंग्लिश येत असलं तरी मागावा असं माझं मत आहे, घाबरल्यावर माणूस परक्या भाषेत भलतंच बोलून जातो. प्रश्न साधे असतात: सकाळी आधी कोण उठतं, नवऱ्याची नाइट शिफ्ट कुठल्या दिवशी, सासरी कुणाला काय आजार आहे, मागच्या दिवाळीला कुठे होतात. याची पाठांतरं करू नका. एखादी गोष्ट आठवत नसेल तर आठवत नाही म्हणून सांगा, दोघांची एखादी तारीख चुकली तर आभाळ कोसळत नाही, पण घोकलेली उत्तरं लगेच कळतात. मेंबर पटला तर तो स्वतः व्हिसा देत नाही, प्रकरण डिपार्टमेंटकडे परत पाठवतो, ते पोलिस चेक, मेडिकल वगैरे उरलेलं बघतात. नाही पटला तर पुढे फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट आहे, ३५ दिवसांत जावं लागतं, पण तिथे फक्त कायद्याची चूक झाली का एवढंच बघतात, तुमचं लग्न कसं आहे हे तिथे पुन्हा उलगडता येत नाही. म्हणून सगळी ताकद ट्रिब्युनलपाशी लावा. नंबर लागायला महिने नाही, वर्षं लागू शकतात हे धरून चाला, आणि तो वेळ वाया जातोय असं समजू नका, दर दोन-तीन महिन्यांनी त्या काळातले कागद आणि फोटो एका फोल्डरमध्ये टाकत जा. पत्ता, फोन, ईमेल बदलला की ट्रिब्युनलला लगेच कळवा.

बाकीच्यांसाठी दोन-तीन गोष्टी मध्येच. भारतातून केलेला ३०९ नाकारला गेला असेल तर रिव्ह्यूचा अर्ज तिथला स्पॉन्सर, म्हणजे ऑस्ट्रेलियातला जोडीदार करतो, इथला अर्जदार नाही, हे माहीत नसल्याने मुदत चुकते. लग्न न करता राहणाऱ्या जोडप्यांना साधारणपणे अर्जाआधी १२ महिन्यांचं नातं दाखवावं लागतं, पण व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत नात्याची नोंदणी केली की ती अट सुटते. आणि कुणाच्या घरी ‘तुझा व्हिसा कॅन्सल करीन’ अशी धमकी देऊन मारहाण, छळ, पैसे काढून घेणं चालू असेल, तर नीट ऐका, व्हिसा रद्द करणं नवऱ्याच्या हातात नसतं, ते डिपार्टमेंटच्या हातात असतं, आणि ८२०च्या अर्जदाराचं नातं हिंसेमुळे तुटलं तरी कायमच्या व्हिसाचा रस्ता कायद्यात ठेवलेला आहे. १८०० ७३७ ७३२ हा तिथल्या कौटुंबिक हिंसेच्या हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, दुभाषी मागता येतो.

राहिलं आईचं. तू लिहितेस, रिव्ह्यू टाकला की पंधरा दिवस जाऊन येते. थांब. तू आत्ता आहेस ‘ब्रिजिंग व्हिसा ए’वर, म्हणजे निर्णय होईपर्यंत तिथे राहू देणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर. नकारानंतर तो ३५ दिवसच टिकतो, मुदतीत रिव्ह्यू टाकला तर निकाल लागून पुढे ३५ दिवसांपर्यंत चालू राहतो, पण तो व्हिसा घेऊन देशाबाहेर पाऊल टाकलंस की तो संपतो आणि त्यावर परत येता येत नाही. रिव्ह्यूचा अर्ज भरताना तू ऑस्ट्रेलियात असणंही गरजेचं आहे, म्हणजे आधी विमान आणि मग अर्ज असं चालत नाही. तेव्हा क्रम असा ठेव: रिव्ह्यू दाखल कर, त्याची पोचपावती घे, मग बाहेर जाऊन परत येऊ देणाऱ्या ‘ब्रिजिंग व्हिसा बी’साठी अर्ज कर, प्रवासाचं कारण त्यात लिहावं लागतं, म्हणून वडिलांना सांग की डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र घेऊन त्याचा फोटो आजच पाठवा. बी व्हिसा मंजूर झाल्याचा मेल आला की त्यात किती तारखेपर्यंत परत यायचंय ते वाच, परतीचं तिकीट त्याच्या चार-पाच दिवस आधीचं काढ. आणि जमत असेल तर नवऱ्यालाही आठवडाभर सुट्टी घेऊन बरोबर यायला सांग, आईला ऑपरेशनच्या वेळी लेक-जावई दोघं समोर दिसलेले बरे वाटतील.